करुणेचा हिशेब : खारबावच्या वीटभट्ट्यांवरून

रविवारची वंदना संपली की आमच्या विहारात बावीस प्रतिज्ञांचे वाचन होते. तेराव्या प्रतिज्ञेत सर्व प्राणिमात्रांविषयी दया बाळगण्याचे वचन आहे. अठराव्या प्रतिज्ञेत ज्ञान, शील आणि करुणा यांची सांगड घालून जगण्याचे वचन आहे. लहान मुलांनाही हे सारे तोंडपाठ असते. गेल्या वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन चालू असताना नववीतल्या एका मुलीने मध्येच विचारले, “करुणा म्हणजे काय?” आम्ही लगेच सांगून टाकले, “दुसऱ्याचे दुःख पाहून मनात येणारा कळवळा.” ती म्हणाली, “मग ती दयाच की. बाबासाहेबांनी दोन वेगळे शब्द कशाला वापरले?”

वेळ झाली होती, सरणत्तय घेऊन सभा संपवली. उत्तर राहिलेच. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि खरे सांगायचे तर ते आम्हाला पुस्तकात नव्हे, खारबावच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर थोडेथोडे सापडत गेले.

खारबाव हे भिवंडी तालुक्यातले गाव. वसई–दिवा रेल्वेमार्गावर कामण रोड आणि भिवंडी रोड यांच्यामध्ये त्याचे स्टेशन आहे. गाड्या मोजक्याच. एक चुकली की फलाटावर बसून राहायचे. एका अंगाला खाडी, खाजण आणि भातशेती, दुसऱ्या अंगाने भिवंडीकडून सरकत येणारी गोदामे. दिवाळी झाली की इथल्या वीटभट्ट्या सुरू होतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, शहापूर, मुरबाड या भागांतली कातकरी, वारली, ठाकूर कुटुंबे टेम्पोतून भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरे घेऊन येतात. भट्टीच्या कडेला गवत, काटक्या आणि ताडपत्री यांचे एक झोपडे उभे करतात. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. त्याला भोंगा म्हणतात. पावसाची पहिली सर येईपर्यंत तेच घर.

काम मध्यरात्रीनंतर सुरू होते, कारण उन्हात माती लवकर सुकते आणि माणूसही. नवरा माती मळतो, बायको साच्यात घालून विटा पाडते, पोरे सुकलेल्या विटा उलटतात, रचतात. मजुरी दर हजार विटांमागे ठरते आणि ती एका माणसाची नसून जोडप्याची असते. म्हणजे बाईच्या कष्टाचा वेगळा आकडा कुठल्याच वहीत नसतो. पण मजुरी ठरण्याच्या खूप आधी एक गोष्ट झालेली असते. पावसाळ्याच्या अखेरीस पाड्यावर दाणा संपतो, कुणी आजारी असते, कुणाचे लग्न ठरलेले असते. त्या वेळी मुकादम येतो आणि उचल देतो. कुणी बयाणा म्हणतात. तेवढे पैसे घेतले की हंगामभर त्या भट्टीवर काम करायचे. आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते. हिशेब शेवटी, मे महिन्यात. आणि हिशेबात बहुधा असे निघते की उचल पुरती फिटलेली नाही, तेव्हा पुढच्या वर्षी यायचेच.

आम्ही काही कार्यकर्ते या वस्त्यांवर जाऊ लागलो ते ६ डिसेंबरच्या निमित्ताने. महापरिनिर्वाण दिनी बाबासाहेबांना अभिवादन म्हणून चादरी आणि वह्या वाटायच्या असे विहारात ठरले. वर्गणी निघाली, फलक छापला, टेम्पो भरला. भोंग्यांसमोर रांग लावून आम्ही चादरी वाटल्या. फोटो काढले. त्याच संध्याकाळी ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले आणि लोकांनी हात जोडलेल्या खुणा पाठवल्या. एका बाईने चादर घेतली, घडी न मोडता काखेत धरली आणि म्हणाली, “चादर दिलीत, बरं झालं. पण आमचा हिशेब कोन बघंल?”

आम्ही म्हणालो, “बघू.” मराठीत या शब्दाचा जो अर्थ होतो त्याच अर्थाने म्हणालो.

ते वाक्य मात्र डोक्यातून गेले नाही. थंडी तिला वाजत होतीच, चादर उपयोगाची होती, त्यात काही वाईट नाही. पण ती ज्या दुःखाबद्दल बोलत होती ते आम्ही विचारलेच नव्हते. आम्हाला जे देता येत होते, त्यावरून आम्ही तिचे दुःख ठरवून टाकले होते. दयेत हा धोका असतो. देणारा उभा असतो, घेणारा रांगेत असतो, आणि काय द्यायचे ते उभा असलेला ठरवतो. आपल्या आजा-पणज्यांना तर हे नव्याने सांगायला नको. वाड्याच्या दारातून लांबून टाकलेली भाकर हीसुद्धा दयाच होती, आणि ती टाकणारा स्वतःला पुण्यवान समजत होता.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. तो आमच्या विहारात अनेकदा वाचला गेला आहे, पण आम्ही त्याचा अर्धाच भाग ऐकत होतो. एका भिक्खूला हगवण लागली होती आणि तो आपल्याच घाणीत पडून होता. तथागत आनंदासह विहाराची पाहणी करत तिथे आले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. इथवर आपल्याला कळते आणि डोळ्यांत पाणीही येते. पण प्रसंग इथे संपत नाही. त्यानंतर बुद्धांनी भिक्खुसंघ बोलावला आणि विचारले, याची शुश्रूषा कुणी का केली नाही? उत्तर मिळाले की हा भिक्खू इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे पाहिले नाही. तेव्हा बुद्धांनी नियमच घालून दिला. आजाऱ्याची सेवा त्याच्या आचार्याने करावी, शिष्याने करावी, सहनिवासी भिक्खूने करावी आणि यांपैकी कुणीच नसेल तर संघाने करावी. न केल्यास तो दोष. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, हे प्रसिद्ध वचन याच प्रसंगातले.

म्हणजे बुद्धांनी तीन गोष्टी केल्या. स्वतःचे हात घाण केले. मग ‘का’ हा प्रश्न विचारला. आणि मग पुढच्या आजाऱ्याला कुणाच्या मनात कळवळा येण्याची वाट पाहावी लागू नये अशी व्यवस्था लावून दिली. आम्ही चादरी वाटून पहिल्या पायरीवर थांबलो होतो, तेही हात फारसे घाण न करता.

बाबासाहेबांचे या विषयावरचे विवेचन इथे नीट पाहायला हवे. मे १९५६ मध्ये बीबीसीवरील भाषणात बौद्ध धम्म आपल्याला का भावतो हे सांगताना त्यांनी तीन तत्त्वे एकत्र मांडली : प्रज्ञा, करुणा आणि समता. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात ते सद्धम्माची लक्षणे पायरीपायरीने सांगतात. नुसती प्रज्ञा पुरेशी नाही, तिच्यासोबत शील हवे. प्रज्ञा आणि शील असूनही करुणा हवी. आणि करुणेपेक्षाही पुढे मैत्री हवी, जी माणसांवर न थांबता सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाते. ही क्रमवारी सहज आलेली नाही. शिकलेला माणूस क्रूर असू शकतो, हे बाबासाहेबांनी बडोद्याच्या कचेरीपासून पुढे आयुष्यभर पाहिले होते. ज्ञान हे तलवारीसारखे दुधारी आहे, ते कोणाच्या हातात आहे यावर सारे अवलंबून, असा त्यांचा विचार.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दुःख आहे हे मान्य करणे आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखवणे हा धम्माचा पाया, असे ते म्हणतात. पण दुःखाची कारणे शोधताना ते माणसाला मागच्या जन्माकडे पाठवत नाहीत. माणसाने माणसाशी केलेला अन्याय हे मानवी दुःखाचे मोठे कारण आहे, असे ते ठामपणे मांडतात. हे एकदा मान्य केले की करुणेचा अर्थच बदलतो. दुःखाचे कारण नशीब असेल तर दुःखिताला चादर देणे एवढेच आपल्या हाती उरते. कारण अन्याय असेल, तर त्याच्याविषयी करुणा वाटणाऱ्याला हिशेबाची वही उघडावीच लागते.

आमच्यातलेच काही तरुण मित्र म्हणतात, करुणेच्या गोष्टी आम्हाला कशाला सांगता, अत्याचार करणाऱ्यांना सांगा. हा राग खोटा नाही. ज्यांच्यावर हल्ला होतो त्यांनाच शांत राहण्याचा उपदेश करणे ही आपल्या देशातली जुनी खोड आहे. पण बाबासाहेबांची अहिंसेची मांडणी यांनी वाचावी. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत ते फरक करतात. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे सांगतात. करुणावान माणसाने अन्याय गिळावा असे त्यात कुठेही नाही. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जे लोक गेले त्यांच्या हातात शस्त्र नव्हते आणि त्यांची मानही खाली नव्हती.

तर वही. आम्ही आधी कायदा वाचला. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगार आणि सक्तीची मजुरी निषिद्ध ठरवली आहे. १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा केंद्रीय कायदा आला. त्याने वेठबिगारीत अडकवणारे कर्जच रद्द ठरवले, म्हणजे ते फेडण्याची जबाबदारीच उरत नाही. १९८२ मध्ये एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच. त्याच वर्षी इथून जवळच, वसई तालुक्यात, विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना उभी केली. आदिवासी वेठबिगारांच्या मुक्तीतूनच ती वाढली. भट्टीवरच्या मुलांसाठी भोंग्यातच शाळा भरवण्याची ‘भोंगा शाळा’ ही कल्पनाही याच परिसरात विधायक संसदेच्या कामातून रुजली. आम्ही काही नवे करत नव्हतो. आमच्या दाराशी चाळीस वर्षे चाललेले काम आम्ही पाहिले नव्हते, एवढेच. आपण बौद्ध म्हणून आदिवासींच्या प्रश्नाकडे ‘त्यांची संघटना आहे ना’ असे म्हणून पाहतो, तेव्हा हगवण लागलेल्या भिक्खूकडे पाठ फिरवणाऱ्यांच्या उत्तराची आठवण यायला हवी.

मग आम्ही दर रविवारी एका भट्टीवर बसू लागलो. काम अगदी साधे. प्रत्येक जोडप्याला एक शंभर पानी वही. रोज किती विटा पाडल्या, किती फुटल्या म्हणून वजा केल्या, खर्ची किती मिळाली, दुकानातून काय आणले. लिहिता येत नसेल तर रेघा मारायच्या, हजाराला एक. मुलांची नावे जवळच्या जिल्हा परिषद शाळेत घालण्यासाठी गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड आणले आहे का ते पाहायचे. नसेल तर मुख्याध्यापकांना भेटायचे. रेशन कार्डावर इथे धान्य घेता येते का ते दुकानदाराला विचारायचे. यात भावना उचंबळून येण्यासारखे काहीच नाही. तासन्‌तास आकडे लिहायचे असतात. पहिल्या महिन्यातच आमच्यातल्या दोघांना कंटाळा आला, आणि ‘याच्यात धम्म कुठे आहे’ असे एकाने विचारलेही.

‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात आचार्य बुद्धघोषांनी ब्रह्मविहारांचे शत्रू सांगितले आहेत. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चारही भावनांना प्रत्येकी दोन शत्रू असतात, एक दूरचा आणि एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य. तो ओळखू येतो. जवळचा शत्रू मात्र करुणेसारखाच दिसतो आणि म्हणूनच फसवतो. तो म्हणजे शोक, हळहळ, दुसऱ्याचे दुःख पाहून स्वतःच खचून जाणे. समाजकार्याच्या क्षेत्रात आम्ही हा शत्रू रोज पाहतो. नवा कार्यकर्ता पहिल्या दिवशी रडतो, दुसऱ्या महिन्यात रागावतो, वर्षभरात त्याला काही वाटेनासे होते आणि तो सोडून जातो. त्याच्यात करुणा कमी होती असे नाही. हळहळीलाच त्याने करुणा मानले होते आणि हळहळ फार काळ टिकत नाही. शंभर पानी वही टिकते. धम्मात करुणेच्या जोडीला उपेक्षा, म्हणजे मनाचा समतोल, का ठेवला आहे हे आम्हाला तिथे कळले. रडणारा माणूस बेरीज चुकतो.

मे महिन्यात हिशेबाचा दिवस आला. त्या चादरवाल्या बाईच्या कुटुंबाच्या नावावर मुकादमाने उचल बाकी दाखवली. आमच्या वहीप्रमाणे त्यांच्या विटा मुकादमाच्या आकड्यापेक्षा सुमारे वीस हजारांनी जास्त होत्या. उचल फिटून वर त्यांनाच पैसे येणे निघत होते.

आता अवघड भाग. हा मुकादम आमच्याच विहारात येणारा होता. जयंतीच्या वर्गणीत पुढे, मिरवणुकीत निळा फेटा बांधून पहिल्या रांगेत. त्याची आई विहाराची नेमाने झाडलोट करते. आम्ही त्याला भेटलो तेव्हा तो चिडला आणि मग गप्प बसला. त्यानेही मालकाकडून आगाऊ पैसे घेतले होते. माणसे पळाली तर ते त्याच्या बोकांडी बसणार होते. विहारात बैठक झाली आणि ती चांगली झाली नाही. एक ज्येष्ठ म्हणाले, “आपल्या एका पोराने कसाबसा धंदा उभा केला, तो तुम्ही मोडायला निघालात. मालकांना विचारायची हिंमत आहे का?” दुसरे म्हणाले, “त्याच्यावर करुणा नको का?” आमच्यावर कातकऱ्यांना भडकावल्याचा आरोप झाला. तोही आमच्याच माणसांकडून.

दोन्ही प्रश्न खरे होते. मालकाला आम्ही विचारले होते आणि त्याने मुकादमाकडे बोट दाखवले होते. ही साखळीच अशी असते की प्रत्येक कडी पुढच्या कडीकडे बोट दाखवते आणि शेवटच्या कडीला बोट दाखवायला कुणी उरत नाही. आणि मुकादमावर करुणा? हो, तीही हवी. पण त्याच्यावरची करुणा म्हणजे त्याच्या चुकीच्या वहीवर डोळेझाक, असे होत नाही. अंगुलिमालाला बुद्धांनी जवळ केले, ते त्याच्या हातातले शस्त्र खाली ठेवायला लावून.

त्या बैठकीत आम्हाला सोपाऱ्याची आठवण झाली, पण बोलायची हिंमत झाली नाही. इथे सांगतो. खारबावहून वसईला गेलो की नालासोपारा पुढचेच स्टेशन. प्राचीन शूर्पारक. कल्याण आणि सोपारा ही दोन मोठी बंदरे होती, आणि आपली खाडी त्यांच्या मधली वाट. सोपाऱ्याजवळ १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये, म्हणजे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी, भुईगावला नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा विषय काय? मंगलविधी. लोक आजारपणात, लग्नात, मुलाच्या जन्माला, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, पण त्यांचे फळ थोडे, असे अशोक म्हणतो. मोठे फळ देणारे धम्ममंगल वेगळे. आणि त्यात तो पहिल्यांदा काय मोजतो? दास आणि नोकर यांच्याशी योग्य वर्तन. त्यानंतर गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान.

दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या या खाडीच्या टोकाला, जिथे हमाल आणि खलाशी उतरत असतील, तिथे हा मजकूर दगडावर कोरला होता. चाकरीला असलेल्या माणसाशी नीट वागणे ही सर्वांत मोठी पूजा, असा त्याचा सरळ अर्थ. आपल्या घरात धुणीभांडी करणाऱ्या बाईला सुट्टीचे पैसे कापणारा आणि मग संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावणारा शिकलेला बौद्ध आम्ही पाहिला आहे. कधी कधी आरशातही.

कान्हेरीच्या लेण्यांतले लेखही असेच बोलके आहेत. तिथे कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची आणि गृहस्थांची दाने नोंदवलेली आहेत, आणि त्यांत पाण्याच्या टाक्यांची, म्हणजे पोढींची, दाने कितीतरी. काही लेखांत अक्षयनीवीचा उल्लेख येतो : मूळ ठेव मोडायची नाही, तिच्या उत्पन्नातून खर्च चालवायचा. एका वेळचे जेवण घालून पुण्य घेण्यापेक्षा कायमची सोय लावून देण्याची ही रीत आपल्याच मुलखातली आहे.

भिवंडीतही अलीकडच्या काळात करुणेचे असे एक व्यवस्थेत उतरलेले रूप दिसले, जरी त्याला कुणी तसे नाव दिले नाही. १९७० आणि १९८४ मध्ये या शहराने भीषण दंगली पाहिल्या. १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. एकेका वस्तीतले हिंदू आणि मुसलमान, यंत्रमागवाले, दुकानदार, मजूर, आणि त्यांच्यासोबत त्या भागातला पोलीस, असे नियमित भेटू लागले. गटार, पाणी, नवरा-बायकोचे भांडण, उधारी असले विषय. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना दंगलींसाठी बदनाम असलेली भिवंडी शांत राहिली. तिथे कुणी प्रवचने दिली नव्हती. लोक एकमेकांना नावाने ओळखत होते, आणि ओळखीच्या माणसाबद्दलची अफवा खरी मानणे अवघड जाते.

आमच्या विहारातल्या दुसऱ्या बैठकीत आम्ही हेच सुचवले. मुकादम, दोन ज्येष्ठ, भट्टीवरची तीन जोडपी आणि आम्ही, सगळे एका सतरंजीवर बसू. वही समोर ठेवू. बरीच कुरकुर होऊन ते मान्य झाले. त्या दिवशी कातकरी माणसे विहाराच्या पायरीवरच थबकली. चपला काढून बाहेर उभी राहिली. आत या म्हटल्यावरही दाराजवळच बसली. ज्या समाजाने देवळाबाहेर उभे राहण्याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या भोगला, त्याच्या विहाराच्या दाराशी ही माणसे अशी उभी होती. मुकादमाची आई झाडू ठेवून पुढे गेली, त्या बाईचा हात धरून तिला आत आणून आपल्या शेजारी बसवले. ती काही बोलली नाही. त्यानंतर बैठकीचा सूर थोडा उतरला.

हिशेब पूर्ण आमच्यासारखा झाला नाही. फुटलेल्या विटांवर वाद राहिला, आणि शेवटी उचल फिटली असे मुकादमाने लिहून दिले, वरचे पैसे निम्मेच मिळाले. प्रकरण तहसीलदारांकडे न्यावे असे आमच्यातल्या काहींचे म्हणणे होते. कायद्याने मुक्तीचे प्रमाणपत्र मिळू शकते, पुनर्वसनाची केंद्राची योजनाही आहे, पुरुष कामगाराला त्यात १ लाख रुपयांपर्यंत मदत ठरलेली आहे. पण त्या कुटुंबाला ते नको होते. त्यांना पाड्यावर परत जायचे होते, पावसाआधी घर शाकारायचे होते. आम्ही जोर केला नाही. यात आम्ही चुकलो की नाही, यावर आमच्यात अजून एकमत नाही. दुःख कुणाचे आहे, आणि ते कसे दूर करायचे हे कुणी ठरवायचे, हा प्रश्न आम्ही ६ डिसेंबरला विचारला नव्हता. तो या वेळी विचारला, आणि मिळालेले उत्तर आमच्या सोयीचे नव्हते.

मुकादम त्यानंतर बरेच महिने विहारात आला नाही. त्याची आई येते. यंदा दिवाळीनंतर तेच कुटुंब पुन्हा खारबावला आले, पण दुसऱ्या भट्टीवर, आणि उचल कमी घेऊन. आम्ही रविवारी गेलो तर त्यांची मुलगी, चौथीत आहे, भोंग्याच्या तोंडाशी बसून गेल्या वर्षीच्या वहीच्या उरलेल्या पानांवर आडव्या रेघा आखत होती. आम्ही नवी वही पुढे केली. ती म्हणाली, “ही संपली नाय अजून.”